दुकानाची पाटी : नामफलक, जाहिरात आणि कायदा

अकोल्याचा टिळक रोड असो की अमरावतीचे सक्करसाथ, सकाळी दुकान उघडणारा व्यापारी कुलूप काढतो, उंबऱ्याला हात लावून नमस्कार करतो, नवकार मंत्र म्हणून गादीवर बसतो. डोक्यावरच्या पाटीकडे मात्र त्याची नजर क्वचितच जाते. ती आजोबांनी किंवा वडिलांनी लावलेली असते, मध्यंतरी कधीतरी रंगवलेली असते, अलीकडे तिच्या जागी विजेवर उजळणारा फलक आलेला असतो. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तसबिरीप्रमाणे ती तिथे असते, एवढेच.

कायद्याच्या दृष्टीने मात्र ही पाटी मुकी नाही. ती व्यापाऱ्याच्या वतीने रोज, प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्यापुढे काही विधाने करीत असते. धंदा कोणाचा आहे, भागीदार कोण आहेत, माल कसा मिळेल, कर कोणत्या पद्धतीने भरला जातो, ही ती विधाने. यांतील काही विधाने करणे सक्तीचे आहे, काहींना परवानगी लागते आणि काही खोटी ठरली तर दंड होतो. म्हणून आपल्या पाटीवर नेमके काय लिहिले आहे आणि त्याचा कायदेशीर अर्थ काय होतो, हे प्रत्येक व्यापारी कुटुंबाने एकदा तरी जाणून घ्यावे.

व्यापाराला कायद्याची चौकट ही वऱ्हाडाला नवी गोष्ट नाही. देशातील पहिली नियंत्रित बाजारपेठ १८८६ साली कारंजा येथे सुरू झाली आणि १८९७ साली वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा झाला. माप, तोल आणि भाव यांबाबत नियम पाळून व्यापार करण्याची सवय येथील पेढ्यांना चार-पाच पिढ्यांपासून आहे. पाटीचे नियम त्याच परंपरेतील पुढचे पान समजावे.

नाव आणि जाहिरात यांतील सीमारेषा

सर्वांत अधिक गोंधळ होतो तो येथे. स्वतःच्या दुकानावर स्वतःचे नाव लिहिले, तर ती जाहिरात झाली काय? त्यासाठी महानगरपालिकेची परवानगी आणि शुल्क लागते काय?

अमरावती महानगरपालिका १९८३ साली आणि अकोला महानगरपालिका २००१ साली अस्तित्वात आली. दोहोंना १९४९ चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू आहे. त्यातील कलम २४४ आकाशचिन्हांविषयी, म्हणजे इमारतीच्या वर आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसणाऱ्या फलकांविषयी आहे, तर कलम २४५ जाहिरातींविषयी आहे. रस्त्यावरून दिसेल अशी जाहिरात लावण्यास आयुक्तांची लेखी परवानगी हवी, हा सर्वसाधारण नियम. त्याला काही अपवाद आहेत. दुकानाच्या खिडकीच्या आत लावलेली जाहिरात, त्याच जागेत चालणाऱ्या धंद्याशी संबंधित जाहिरात, त्या जागेच्या विक्रीची किंवा भाड्याने देण्याची सूचना, इमारतीचे किंवा तेथील धारकाचे नाव, यांना परवानगी लागत नाही. परंतु हा अपवाद ज्या अटीवर मिळतो तीच अट व्यापारी विसरतात. तो फलक प्रकाशित नसावा आणि ते आकाशचिन्ह नसावे.

एक उदाहरण घेऊ. समजा, अकोल्याच्या कापड बाजारातील एका दुकानावर पत्र्याची साधी पाटी आहे. तिच्यावर दुकानाचे नाव आणि ‘कापडाचे व्यापारी’ एवढाच मजकूर आहे. ही पाटी अपवादात बसते. पुढे एखाद्या कापड कंपनीचा विक्री प्रतिनिधी येतो आणि विनामूल्य नवा फलक देऊ करतो. त्यावर तीन चतुर्थांश जागेत कंपनीचे चिन्ह, कोपऱ्यात दुकानाचे नाव आणि आत दिव्यांच्या नळ्या असतात. फलक सुंदर दिसतो आणि खर्चही वाचतो. परंतु तो प्रकाशित झाल्याने अपवादाचे संरक्षण गेले. शिवाय आता तो दुकानाची ओळख सांगण्यापेक्षा कंपनीच्या मालाचा प्रचार अधिक करतो, असे म्हणण्यास महानगरपालिकेला जागा मिळाली. उद्या नोटीस आली तर ती कंपनीच्या मुख्यालयात जाणार नाही, ती दुकानाच्या पत्त्यावर येईल. म्हणून असा फलक स्वीकारण्यापूर्वी परवानगी कोण काढणार आणि शुल्क कोण भरणार, हे कंपनीकडून लेखी घेणे शहाणपणाचे.

या सीमारेषेवर सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली एक महत्त्वाचा निर्णय दिला. आयसीआयसीआय बँक आणि मुंबई महानगरपालिका यांच्यातील तो वाद होता. बँकेच्या एटीएम केंद्रांवरील प्रकाशित पाट्या म्हणजे जाहिराती काय, हा प्रश्न होता. मुंबईला लागू असलेल्या १८८८ च्या कायद्यातील तरतूदही वऱ्हाडातील महानगरपालिकांच्या तरतुदीसारखीच आहे. जाहिरात म्हणण्यासाठी त्या मजकुरामागे ग्राहकाला आकर्षित करण्याचा व्यापारी हेतू असला पाहिजे, केवळ सुविधा कोठे आहे हे दाखविणारा नाममात्र फलक म्हणजे जाहिरात नव्हे, असे या निर्णयाचे सूत्र आहे. सामान्य व्यापाऱ्याने त्यातून एवढे घ्यावे की मोजमाप पाटीच्या आकाराचे नसून तिच्या मजकुराचे आणि हेतूचे आहे. ‘अमुक ज्वेलर्स’ ही ओळख झाली. ‘शहरात सर्वांत कमी मजुरी, आजच या’ हे निमंत्रण झाले.

कराविषयीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत जाहिरातींवरील कराची ५५ वी नोंद होती. वस्तू व सेवा करासाठी २०१६ साली झालेल्या १०१ व्या घटनादुरुस्तीने ती वगळली. म्हणून आज पालिकेकडून येणारी मागणी ‘कर’ म्हणून आहे की परवान्याचे ‘शुल्क’ म्हणून, हे नोटिशीत नीट वाचावे. दोहोंचा कायदेशीर आधार वेगळा असतो आणि उत्तरही वेगळे द्यावे लागते.

पाटीची भाषा आणि पातूरचा फलक

दुकानाचे नाव मराठीत, देवनागरी लिपीत असावे, ही अट आता छोट्या दुकानांनाही लागू आहे. २०१७ चा महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम मुख्यतः दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी होता. २०२२ साली त्यात दुरुस्ती होऊन दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही मराठी पाटीचे बंधन आले. मराठी नाव प्रथम असावे आणि त्याची अक्षरे इतर भाषेतील अक्षरांपेक्षा लहान नसावीत, असे तो कायदा सांगतो. मुंबईतील किरकोळ व्यापाऱ्यांच्या संघटनेने या सक्तीला आव्हान दिले होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती याचिका २५ हजार रुपये खर्चासह फेटाळली. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन महिन्यांत पाट्या बदलण्यास सांगितले आणि दसरा-दिवाळी जवळ आल्याचीही आठवण करून दिली. या अधिनियमाचा भंग झाल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो आणि भंग चालूच राहिला तर दररोज दोन हजार रुपयांपर्यंत जादा दंडाची तरतूद आहे. मात्र एकूण रक्कम प्रत्येक कामगारामागे दोन हजार रुपयांहून अधिक होत नाही. दोन नोकर असलेल्या दुकानदाराला यावरून आपला हिशेब सहज करता येईल.

मग दुसऱ्या भाषेचे काय? गुजराती, हिंदी किंवा इंग्रजी अक्षरे पाटीवर ठेवता येतात काय? या प्रश्नावर प्रकाश टाकणारा खटला वऱ्हाडातच घडला. अकोला जिल्ह्यातील पातूर नगर परिषदेच्या इमारतीवरील नामफलकावर वरती मराठी आणि खाली उर्दू अक्षरे होती. ही उर्दू अक्षरे काढावीत, अशी मागणी परिषदेच्या एका माजी सदस्येने केली. नगर परिषदेने ती बहुमताने फेटाळली. डिसेंबर २०२० मध्ये अकोल्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी मागणीच्या बाजूने आदेश दिला, तर एप्रिल २०२१ मध्ये अमरावतीच्या विभागीय आयुक्तांनी तो आदेश रद्द केला. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयात गेले. दरम्यान स्थानिक प्राधिकरणांच्या राजभाषेविषयीचा २०२२ चा कायदा झाला होता.

१५ एप्रिल २०२५ रोजी न्यायमूर्ती सुधांशू धुलिया आणि न्यायमूर्ती के. विनोद चंद्रन यांच्या पीठाने अपील फेटाळले. मराठीचा वापर बंधनकारक करणारा कायदा मराठीच्या सोबत दुसरी भाषा वापरण्यास मनाई करीत नाही, हा त्या निर्णयाचा गाभा. भाषा ही धर्माची नसून समाजाची, प्रदेशाची आणि लोकांची असते, अशी भूमिकाही न्यायालयाने मांडली.

तो खटला सरकारी फलकाचा होता, दुकानाचा नव्हता. तरीही त्यातील तर्क व्यापाऱ्याच्या उपयोगाचा आहे. कायदा जेव्हा ‘हे असलेच पाहिजे’ असे सांगतो, तेव्हा ‘दुसरे काही नसावे’ असे तो आपोआप सांगत नाही. दुकानांच्या कायद्यात तर इतर भाषा स्पष्टपणे गृहीत धरल्या आहेत, फक्त क्रम आणि अक्षरांचा आकार ठरवून दिला आहे. समाजातील अनेक घरांत जुने चोपडे गुजराती किंवा मारवाडी वळणाचे आहेत, तर सैतवाळ, बघेरवाल यांसारखी घराणी पिढ्यान्‌पिढ्या मराठीच बोलत आली आहेत. पाटीवर मराठी नाव ठसठशीत ठेवून खाली आजोबांच्या लिपीतील नाव जपता येते. त्यात कोणाचाही अनादर होत नाही.

ज्यांचा धंदा कंपनीच्या रूपाने चालतो, त्यांना २०१३ च्या कंपनी अधिनियमातील कलम १२ सुद्धा पाहावे लागेल. कंपनीचे नाव आणि नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता व्यवसायाच्या प्रत्येक जागेबाहेर सुवाच्य अक्षरांत लावावा आणि तो त्या भागात प्रचलित असलेल्या भाषेतही असावा, असे ते कलम सांगते.

पाटीवर अजून एक नोंद सक्तीची आहे. वस्तू व सेवा कर नियमांतील नियम १८ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्र दुकानात ठळक जागी लावावे लागते आणि नोंदणी क्रमांक प्रवेशद्वाराच्या नामफलकावर लिहावा लागतो. आपसमेळ योजनेतील व्यापाऱ्याने आपण त्या योजनेतील करदाते आहोत, असे फलकावर नमूद करावयाचे असते. असा व्यापारी ग्राहकाकडून वेगळा कर घेऊ शकत नाही, हे ग्राहकाला पाटीवरूनच कळावे, हा त्यामागील उद्देश.

पाटीवर राहिलेला भागीदार

आता व्यापारी कुटुंबांच्या अगदी जिव्हाळ्याचा विषय. दोन भाऊ एका पेढीत असतात. मुले मोठी होतात, वाटणी होते, धाकटा भाऊ भागीदारीतून निवृत्त होऊन वेगळे दुकान काढतो. घरात सर्व काही समजुतीने झालेले असते. वडीलधाऱ्यांपुढे कागद होतो, पेढे वाटले जातात. परंतु पाटी, पावत्या आणि पत्रशीर्ष यांवर दोघांची नावे तशीच राहतात. बदलू सावकाश, घाई काय, असे म्हटले जाते.

घाई आहे. १९३२ च्या भारतीय भागीदारी अधिनियमाच्या कलम ३२ प्रमाणे, निवृत्तीची जाहीर सूचना दिली जाईपर्यंत निवृत्त भागीदार तिऱ्हाइतांना जबाबदार राहू शकतो. कलम २८ त्याहून पुढे जाते. एखादी व्यक्ती स्वतःला भागीदार म्हणून दाखविते किंवा जाणूनबुजून दाखवू देते आणि त्यावर विश्वासून कोणी पेढीला उधार देतो, तर ती व्यक्ती त्या उधारीला भागीदाराप्रमाणेच जबाबदार ठरते. पाटीवर आपले नाव आहे हे ठाऊक असून ते तसेच राहू देणे, म्हणजे भागीदार म्हणून दाखवू देणेच, असा अर्थ लागू शकतो. थोरल्या भावाची पेढी दोन वर्षांनी अडचणीत आली, तर सुताचा व्यापारी किंवा बँक धाकट्याच्या दारात उभी राहू शकते.

उपाय साधा आहे आणि कलम ७२ मध्ये लिहिलेला आहे. नोंदणीकृत पेढीच्या बाबतीत भागीदारी संस्थांच्या निबंधकाकडे सूचना, राजपत्रात प्रसिद्धी आणि पेढीच्या जिल्ह्यात खपणाऱ्या किमान एका देशी भाषेतील वर्तमानपत्रात प्रसिद्धी. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरील ‘जाहीर सूचना’ ही चार ओळींची जाहिरात कोणी फारशी वाचत नाही, पण तीच निवृत्त भावाचे घर वाचवू शकते. तिच्यासोबत पाटी, पावतीपुस्तक आणि बँकेतील नोंदीही त्याच आठवड्यात बदलाव्यात.

भागीदाराच्या मृत्यूबाबत कायद्याने दिलासा दिला आहे. पेढीच्या जुन्या नावात दिवंगत भागीदाराचे नाव राहिले, एवढ्यावरून त्याची मालमत्ता नंतरच्या देण्यांना जबाबदार होत नाही. वडिलांचे नाव पाटीवर ठेवण्यात मुलांना भीती बाळगण्याचे कारण नाही.

आणि नाव कोणाचे? पेढीचा नावलौकिक ही कलम १४ प्रमाणे पेढीची मालमत्ता असते. निवृत्त भागीदाराला तसाच धंदा काढता येतो, त्याची जाहिरातही करता येते. पण वेगळा करार नसेल तर कलम ३६ प्रमाणे त्याला पेढीचे नाव वापरता येत नाही. त्यामुळे वाटणीच्या कागदात दुकान, माल आणि येणे-देणे यांच्या बरोबरीने ‘नाव कोणाकडे’ हे एक वाक्य अवश्य असावे. भावाभावांतील कितीतरी कटुता त्या एका वाक्याने टळते.

पाटीवरील वचन

दुकानाच्या खिडकीत वस्तूची किंमत लिहिली, तर ती कराराची ‘प्रस्तावना’ होत नाही. ती ग्राहकाला दिलेले निमंत्रण असते, हे तत्त्व इंग्लंडमधील १९६१ च्या फिशर विरुद्ध बेल या खटल्यात स्पष्ट झाले. परंतु प्रत्येक जाहिरात अशी निरुपद्रवी नसते. १८९३ च्या कार्बोलिक स्मोक बॉल खटल्यात कंपनीने जाहीर केले होते की आमचे औषध सांगितल्याप्रमाणे वापरूनही फ्लू झाला, तर शंभर पौंड देऊ. आपण गंभीर आहोत हे दाखविण्यासाठी बँकेत हजार पौंड ठेवल्याचेही तिने छापले. एका महिलेला औषध वापरूनही आजार झाला आणि कंपनीला ते शंभर पौंड द्यावे लागले. बँकेतील ठेवीच्या त्या उल्लेखावरून वचन खरे मानले गेले. ‘अशुद्ध ठरल्यास दुप्पट पैसे परत’ असे लिहिणाऱ्या प्रत्येक दुकानदाराने हा खटला लक्षात ठेवावा.

आपल्याकडे आता २०१९ चा ग्राहक संरक्षण अधिनियम आहे. त्यातील जाहिरातीची व्याख्या फार व्यापक आहे. प्रकाश, ध्वनी, छपाई, इलेक्ट्रॉनिक माध्यमे, संकेतस्थळ यांबरोबरच सूचना, परिपत्रक, लेबल, वेष्टन आणि बिलसुद्धा तिच्यात येते. महानगरपालिकेच्या कायद्यात जी पाटी जाहिरात ठरणार नाही, तिच्यावरील खोटा दावा या कायद्याखाली दिशाभूल करणारी जाहिरात ठरू शकतो. एकाच शब्दाचा अर्थ प्रत्येक कायदा आपल्या हेतूप्रमाणे लावतो, हे येथे दिसते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण उत्पादकाला दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसेच घडल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करू शकते.

गल्ल्यामागे लावलेली ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटीही तपासावी. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, मुदत लिहिली नसल्यास तीस दिवसांत, परत न घेणे ही याच अधिनियमाप्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. भिंतीवरची पाटी कायद्याने दिलेला हक्क हिरावून घेऊ शकत नाही. उलट तक्रारीच्या वेळी तीच ग्राहकाचा पुरावा बनते.

बँकेची पाटी

माल नजरगहाण ठेवून कर्ज घेतलेल्या गोदामावर ‘येथील माल अमुक बँकेकडे नजरगहाण आहे’ अशी पाटी लावण्यास बँका सांगतात. अनेकांना तिची लाज वाटते. निरीक्षणाच्या दिवशी ती लागते आणि दुसऱ्या दिवशी कपाटामागे जाते. या पाटीत अप्रतिष्ठा काही नाही. माल ताब्यात व्यापाऱ्याच्या असला तरी त्यावर बँकेचा हक्क आहे, हे तिसऱ्या माणसाला कळावे, एवढाच तिचा हेतू. ती लपविणे हा कर्जाच्या अटीचा भंग ठरू शकतो आणि पत वाढवून मागण्याच्या वेळी तोच आड येतो.

रस्त्यावरील फलक

शेवटी समाजाच्या वतीने लागणाऱ्या फलकांविषयी. चातुर्मासाचा मंगल प्रवेश, महावीर जन्मकल्याणक, पर्युषणानंतरची क्षमापना या निमित्ताने चौकाचौकांत फलक लागतात आणि खाली दुकानांची नावे असतात. भावना निर्मळ असते, परंतु परवानगी नसेल तर कायदा भावना पाहत नाही. १९९५ च्या महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध अधिनियमात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये बेकायदा फलकांविरुद्ध सविस्तर आदेश दिले. महानगरपालिकांतील आकाशचिन्हे व जाहिरातींसाठी २०२२ साली राज्याने स्वतंत्र नियमही केले.

हे नियम केवळ महसुलासाठी नाहीत. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपर येथे वादळात जाहिरात फलक पेट्रोल पंपावर कोसळून १७ जणांचा जीव गेला. चाळीस बाय चाळीस फुटांची मर्यादा असताना तो फलक १२० बाय १२० फुटांचा होता. अहिंसेचे व्रत मानणाऱ्या समाजाने आपल्या नावाचा फलक कोणाच्या डोक्यावर पडणार नाही, एवढी काळजी घेणे हे कायद्याच्याही आधीचे कर्तव्य आहे. क्षमा मागणारा फलक विनापरवाना लागू नये, हे वेगळे सांगण्याची गरज नसावी.

दिवाळीला वहीपूजन होते, जुने येणे-देणे तपासले जाते. त्याच दिवशी घरातील कर्त्या पुरुषाने आणि मुला-सुनांनी रस्त्याच्या पलीकडे उभे राहून आपली पाटी एकदा सावकाश वाचावी. नाव मराठीत आणि ठळक आहे काय? कराचा क्रमांक आहे काय? निवृत्त झालेल्या कोणाचे नाव राहिले आहे काय? दिव्यांच्या फलकाची परवानगी फाइलमध्ये आहे काय? आणि जे वचन लिहिले आहे, ते गल्ल्यावर पाळले जाते काय? जेथे शंका वाटेल तेथे आपल्या वकिलांना किंवा सनदी लेखापालांना विचारावे. पाच प्रश्नांची उत्तरे सरळ आली, तर कोणत्याही नोटिशीने त्या दुकानाची झोप उडणार नाही.